ट्रेनिंग दिलं की पोरं सुरतेला पळतात. मग शिकवायचं तरी कुणाला?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या रस्त्यावर, घरच्याच शेतात सहा खोल्या आणि एक जेवणाचा हॉल बांधून तुम्ही कृषी पर्यटन केंद्र सुरू केलंय. कामाला आठ जण. त्यातल्या दोन पोरांना पदरचे पैसे घालून हॉटेलच्या कोर्सला पाठवलं, आणि शिकून आल्यावर एक सुरतेला गेला, दुसरा पुण्याला. आता चांगलं ट्रेनिंग कुठे मिळतं आणि पुढच्या वेळी बाँड, म्हणजे अमुक काळ नोकरी सोडणार नाही असा करार, लिहून घ्यावा का, असं तुम्ही विचारताय.

जळगावहून अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या हॉटेलांत वाढप्यापासून मॅनेजरपर्यंत सगळी कामं मी केली आहेत. आता खानदेशातल्या लहान लॉज आणि रिसॉर्टवाल्यांना माणसं तयार करून देतो. त्या अनुभवावरून लिहितोय. बाँडचं शेवटी बोलू.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते गोम तिथेच आहे: ‘मार्च ते जून गिऱ्हाईक नसतं म्हणून अर्धा पगार देते.’ आपल्याकडचं वर्ष कसं चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. जुलैपासून केदारकुंड आणि धवलतीर्थ या धबधब्यांना पाणी येतं, रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मग नवरात्र, दिवाळीच्या सुट्ट्या आणि थंडीतल्या भरीत पार्ट्या. होळी झाली की पारा चढतो तो ४४-४५ पर्यंत, आणि त्या उन्हात पाटण्याला, म्हणजे पाटणादेवीच्या गावी, कोण कशाला येईल? तोरणमाळवाल्यांना निदान उन्हाळ्यात थंड हवेचे पर्यटक मिळतात, तुम्हाला तेही नाहीत. नेमकी त्याच महिन्यांत लग्नसराई असते. हातात कसब आलेल्या पोराला आचाऱ्याचा फोन येतो, नाहीतर सुरतेच्या मावसभावाचा. अर्ध्या पगारावर तो का थांबेल? ट्रेनिंगमुळे पोरं पळत नाहीत. रिकामे चार महिने त्यांना पळवतात, ट्रेनिंगमुळे फक्त बाहेर जरा बरी नोकरी मिळते.

म्हणून कुठे पाठवायचं हे ठरवण्याआधी कुणाला शिकवायचं, काय शिकवायचं आणि कधी शिकवायचं हे ठरवा. यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगून टाकतो. तुमच्याकडे मालेगाव-चाळीसगावहून दिवसभरासाठी येणारी कुटुंबं जास्त असतील, तर लागणारी कौशल्यं वेगळी. वेरूळ-अजिंठा करणारे बाहेरचे पर्यटक मुक्कामाला थांबत असतील तर वेगळी. तुम्ही स्वतः तिथेच राहता की चाळीसगावहून ये-जा करता, यानेही फरक पडतो. मालक हजर नसलेल्या ठिकाणी शिकवलेलं पंधरा दिवसांत विरतं, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

आता माणसं. अठरा-वीस वर्षांचा, बारावी झालेला, चुणचुणीत पोरगा सगळ्यांनाच हवा असतो, आणि तोच सगळ्यांत आधी जातो. तो जाणार हे धरूनच चाला, त्याचा राग धरू नका. बाहेर पडून तो चार पैसे कमावणार असेल तर ते त्याच्या घरासाठी चांगलंच आहे. पण तुमच्या केंद्राचा कणा त्याच्यावर उभा करू नका. कणा उभा करायचा तो तिशी-चाळिशीतल्या, घर गावातच असलेल्या बायांवर. पोरं शाळेत जाणारी, थोडी शेती, नवरा मजुरीला किंवा ट्रॅक्टरवर. त्या सुरतेला जात नाहीत. कष्टाची सवय आहे, हिशेब पक्का असतो, आणि पाहुण्याला जेवू घालणं त्यांना नव्याने शिकवावं लागत नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. एक वेळेची. सकाळी घरचं आवरून नऊला येणार आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचणार, अशी पाळी लावलीत तर त्या वर्षानुवर्षं टिकतात. रात्रीचं वाढणं आणि चौकीदारी पुरुषांकडे द्या. उशीर झालाच तर घरापर्यंत सोडायची गाडी तुमची, त्यात काटकसर नको. दुसरी अडचण ‘हॉटेलात काम करते’ या शब्दांची. खेड्यात त्याचा अर्थ वाईट लावतात. त्यावर एक साधा उपाय चालतो. कामावर घ्यायच्या आधी त्या बाईला सासू आणि नवऱ्यासकट जेवायला बोलवा, खोल्या दाखवा, ती कुठे बसेल, कुणाबरोबर काम करेल, दारू चालते की नाही, सगळं उघड सांगा. सासूचं समाधान झालं की अर्धं काम झालं.

केंद्र तुमच्या नावावर असेल तर राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ या महिला पर्यटन धोरणाची माहिती पर्यटन संचालनालयाकडून जरूर घ्या. महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केली नसेल तर तीही करून टाका.

बाहेरच्या कोर्सांबद्दल माझं मत चांगलं आहे, पण मोजकं. पर्यटन मंत्रालयाच्या ‘हुनर से रोजगार तक’सारख्या योजना आहेत, आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन आणि हाउसकीपिंगचे ट्रेड आहेत. त्यातून पोराला स्वच्छतेची शिस्त लागते, वेळेचं भान येतं, चार अनोळखी लोकांसमोर उभं राहण्याची भीड चेपते. पण हे अभ्यासक्रम मोठ्या हॉटेलचा विचार करून बांधलेले असतात. तिथे तो जाड रजईचा पलंग लावायला शिकतो, तुमच्याकडे आहे सोलापुरी चादर. नॅपकिनचा पंखा करायला शिकतो, तुमच्याकडे पाहुणा पंगतीला मांडी घालून बसतो. परत आल्यावर त्याला तुमची जागा छोटी वाटायला लागते, आणि मग तो आपल्या मापाची जागा शोधतो. म्हणून पाठवायचं तर एकालाच पाठवा, आणि तो किमान एक हंगाम तुमच्याकडे राबलेला असू द्या. काय शिकायला चाललोय हे त्याला माहीत असतं. स्वयंपाकघरातल्या एकीला मात्र एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, फॉसटॅक हे अन्न हाताळणीचं प्रशिक्षण नक्की द्या. छोटं असतं, आणि उरलेलं अन्न कधी टाकायचं हे मालकिणीऐवजी नियम सांगतो, त्यामुळे वादच होत नाहीत.

बाकीचं शिक्षण तुमच्या अंगणात होईल. सुरुवात स्वयंपाकघरापासून करा, कारण लोक तुमच्याकडे मुख्यतः जेवायला येतात. इथे एक गैरसमज असतो की बायांना स्वयंपाक ‘शिकवायचा’ आहे. भरीत कसं करायचं हे त्यांना कुठला शेफ शिकवणार? पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर वांगी कधी उलटायची, हिरवी मिरची किती भाजायची, ठेचताना किती लगदा ठेवायचा, सगळं हातात आहे. त्यांना येत नाही ते वेगळं. सहा माणसांचं भरीत उत्तम करणारी बाई चाळीस माणसांच्या वेळी गडबडते. मीठ-तिखटाचा अंदाज चुकतो, पहिल्या पंगतीला गरम आणि दुसऱ्या पंगतीला गार वाढलं जातं, कळण्याच्या भाकरी पुरत नाहीत. म्हणून शिकवायचं ते माप, क्रम आणि वेळ. एका किलो वांग्यांना किती मिरची, किती लसूण, किती दाणे, हे तिच्याच हाताने एकदा वजनकाट्यावर मोजून घ्या आणि भिंतीवर लिहा. तिची चव तीच राहते, फक्त ती आजारी पडली तर दुसरीला जमतं.

दुसरं, तिखटाचं. आपला काळा मसाला सगळ्यांना झेपत नाही. तुमच्याकडे सुरत-नवसारीकडचे लोक येतील, बळसाण्याच्या जैन तीर्थाला दर्शन करून निघालेली जैन कुटुंबं येतील, लहान पोरं असतील. प्रत्येकासाठी वेगळी भाजी करणं परवडत नाही. मी शिकवतो ते असं: शेवभाजीचा रस्सा मध्यम तिखट ठेवायचा, तर्री वेगळ्या भांड्यात काढून ठेवायची आणि वाढताना विचारून वरून घालायची. कांदा-लसूण नसलेली एक डाळ आणि एक भाजी रोजच असू द्यायची, पाहुण्याने विचारायची वाट बघायची नाही. आणि वाढणाऱ्याने ‘तिखट चालेल का?’ असं विचारू नये. प्रत्येक जण हो म्हणतो आणि मग पाणी मागतो. ‘आमचं तिखट जरा जास्त असतं, आधी थोडं वाढू का?’ असं विचारावं.

खापरावरचे मांडे करणारी बाई तुमच्याकडे असेल, तर ते पाहुण्यांसमोर, अंगणात होऊ द्या. हातावर पोळी मोठी होत जाते आणि उलट्या खापरावर पडते, हे बघायला लोक जेवण सोडून उठतात. पण त्या दिवसाचे तिला वेगळे पैसे द्या. ते कसब आहे, रोजंदारीत धरायचं काम नाही. आणि दर पाच मिनिटांनी फोटोसाठी तिला थांबवू नका, असं पाहुण्यांना सांगायला एक पोरगा शेजारी उभा करा. तव्याएवढंच ते खापर तापलेलं असतं आणि लहान पोरं जवळ जातात.

खोल्यांचं थोडक्यात. चादर-उशी दोन दिवसांत जमते, खरी परीक्षा संडास-बाथरूमची. आपल्याकडचं पाणी जड, नळांवर पांढरे थर बसतात. मग पोरं घाईत अ‍ॅसिड ओततात, आणि वर ब्लीचिंग पावडर टाकतात. हे दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं. हे पहिल्याच दिवशी सांगा आणि दोन्ही डबे वेगवेगळ्या कपाटात ठेवा. संडासाचं फडकं लाल, बेसिनचं पिवळं, काचेचं निळं, असे रंग ठरवा. वाचता न येणाऱ्या मावशीलाही ते चुकत नाहीत. तयार खोली कशी दिसायला हवी याचे चार फोटो काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि तपासणी दारात उभं राहून करू नका. पलंगावर आडवं पडून वर बघा, पंख्याच्या पात्यांवरची धूळ तिथूनच दिसते. पाहुणा तसंच बघतो.

आता वाट दाखवणाऱ्या पोरांबद्दल. तुमच्या बाबतीत ही सगळ्यांत मोठी जमेची बाजू ठरू शकते, आणि नेमकं तिथेच तुम्ही काहीच केलेलं नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तुमच्या दारात गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे, कण्हेरगड आहे, पाटण्याचं हेमाडपंती महादेव मंदिर आहे, डोंगर चढून गेलं की पितळखोऱ्याची लेणी आहेत, देशातल्या जुन्यात जुन्या लेण्यांपैकी. आणि थोर गणिती भास्कराचार्यांचं नाव या गावाशी जोडलेलं आहे. एवढं सोडून तुमचा पोरगा पाहुण्यांना काय सांगतो? ‘हे मंदिर एका रात्रीत बांधलं.’

दंतकथा सांगायला माझी ना नाही, लोकांना आवडतात. पण ऐकलेलं कोणतं आणि कोरलेलं कोणतं हे पोराला वेगळं सांगता आलं पाहिजे. पाटण्याला शिलालेख सापडला, तो शके ११२८ च्या सुमाराचा, म्हणजे इ.स. १२०७ च्या आसपासचा. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यात आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला आणि इथल्या सत्ताधारी निकुंभ घराण्याने त्याला देणगी दिली. हे कोरलेलं. भास्कराचार्य स्वतः इथेच जन्मले का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मग पोराने ‘असं मानतात’ म्हणावं, ‘इथेच जन्मले’ म्हणू नये. एवढा फरक त्याला समजला की शाळेची सहल घेऊन आलेले गणिताचे सर त्याच्याशी बरोबरीने बोलायला लागतात. पाठांतर करून घेऊ नका. त्याच्याबरोबर स्वतः चाला, प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट ठरवा, आणि ती त्याच्या शब्दांत सांगू द्या. घरी अहिराणी बोलणारा पोरगा पुस्तकी मराठी बोलायला गेला की अडखळतो. ‘या भाऊ, बठा’ (बसा) ने सुरुवात केली तरी पुण्याच्या पाहुण्याला काही वावगं वाटत नाही, उलट बरं वाटतं.

परवानग्यांचं भान ठेवा. अजिंठ्यासारख्या संरक्षित स्मारकात मार्गदर्शन करायचं काम परवानाधारक गाइडचं, तुमचा पोरगा तिथे वाटाड्या म्हणून जाईल, गाइड म्हणून नाही. अभयारण्यात वनखात्याच्या वेळा आणि शुल्क पाळा, तिथल्या वनपालाशी ओळख ठेवा. पोराला पुढे जायची इच्छा असेल तर पर्यटन मंत्रालयाचा २०२० साली सुरू झालेला ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो नोकरी सांभाळून करता येतो.

आणि सुरक्षेचं. आग्यामोहळ कुठल्या कड्याला आहे हे पोराला माहीत हवं. तिथे धूर, अत्तर, आरडाओरड नको. पावसाळ्यात डोहात कुणाला उतरू द्यायचं नाही, मग पाहुणा कितीही पट्टीचा पोहणारा असो. साप चावला तर कापायचं नाही, दोरीने आवळायचं नाही, अंग हलू द्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्याकडे निघायचं. कुठल्या दवाखान्यात ते असतं हे हंगाम सुरू व्हायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन विचारून या. डोंगरात फोन लागत नाही, त्यामुळे रेंज कुठल्या वळणावर मिळते हेही पोराला पाठ हवं.

फोन न लागण्यावरून आठवलं. तुमच्या माणसांना ‘ताईंना विचारून सांगतो’ हे वाक्य विसरायला लावा. पाहुण्याचं गरम पाणी आलं नाही, जेवण उशिरा आलं, तर तिथल्या माणसाला काहीतरी करायची मुभा हवी. चहा-नाश्ता मोफत देणं, खोली बदलून देणं, ठरावीक रकमेपर्यंत बिलात सूट देणं, एवढे अधिकार नाव घेऊन द्या. तक्रार ऐकताना ‘लाइट गेली होती’ हे कारण पहिल्या वाक्यात नको. आधी ऐकायचं, मग किती मिनिटांत काय होईल ते सांगायचं, आणि तेवढ्या मिनिटांत ते करायचं. याचा सराव करून घ्यायला मी एखाद्या ओळखीच्या कुटुंबाला पाहुणे म्हणून पाठवतो आणि मुद्दाम कटकट करायला सांगतो. पोरांना हे नंतर कळतं आणि हसतात, पण त्या दिवशी घाम फुटलेला असतो.

फोनवर बुकिंग घेणाऱ्याला आजूबाजूची माहिती हवी. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. रविवारी मुक्काम करून सोमवारी अजिंठ्याला निघालेलं कुटुंब फर्दापूरहून परत येताना मी कित्येकदा पाहिलंय. बुकिंग घेतानाच कुणी सांगितलं असतं तर त्यांनी बेत बदलला असता. कन्नड घाट आज मोकळा आहे का, चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे, जळगावला गांधी तीर्थ आहे, हे ज्याला सांगता येतं त्याच्या फोनवरचं बुकिंग सहसा मोडत नाही.

हे सगळं शिकवायचं कधी? तेच तुमचे रिकामे महिने. हंगामात रोज सकाळी पंधरा मिनिटं, आठवड्याला एक विषय, एवढंच जमतं. एप्रिल-मे-जून मात्र पूर्ण पगारावर ठेवा, सगळ्यांना नको, कणा म्हणून निवडलेल्या चौघांना. सकाळी सहा ते अकरा काम: रंगरंगोटी, गाद्या उन्हात टाकणं, पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया करून पाकिटं भरणं, आणि रोज एक तास शिकणं. बिबडे आणि शेवया पाहुण्यांना वर्षभर विकता येतात, त्यात पगाराचा काही भाग सुटतो. सगळा सुटणार नाही, हे स्पष्टच सांगतो. राहिलेला खर्च ट्रेनिंगचा धरा. दोन पोरांच्या कोर्सवर तुम्ही घातलेले पैसे याच खात्यात बसले असते. लग्नसराईत आचाऱ्याबरोबर चार दिवस जायचं म्हणणाऱ्याला जाऊ द्या, फक्त तारखा आधी ठरवून घ्या. मोठ्या पंगतीचा सराव त्याला तिथे फुकट मिळतो.

राहिला बाँड. घेऊ नका. खेड्यात गरीब घरच्या पोराकडून सही घेतलेला कागद कोर्टात नेऊन तुम्ही काय वसूल करणार? मूळ मार्कशीट अडकवून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तो मुळीच ऐकू नका, ते गैर आहे आणि गावात नाव जाईल ते वेगळंच. त्याऐवजी दर महिन्याच्या पगाराशिवाय हंगामाचा बोनस ठरवा: अर्धा दिवाळीला, अर्धा जूनअखेर, म्हणजे उन्हाळा तुमच्याकडे काढणाऱ्यालाच तो पूर्ण मिळेल. रक्कम कामावर घेतानाच लिहून द्या आणि ठरल्या दिवशी हातात द्या. जो पुण्याला गेलाय त्याचा नंबर जपून ठेवा. गणपतीत किंवा दिवाळीत तो गावी येईल तेव्हा चार दिवसांची रोजंदारी देऊन बोलवा, गर्दीच्या वेळी शिकलेला हात तुम्हाला मिळेल. सहा खोल्या एवढ्यावर आरामात चालतात. खोल्या वाढवायचा विचार असेल तर आधी दोन उन्हाळे तीच चार माणसं टिकतात का ते बघा, मग गवंड्याला बोलवा.